धरण बांधण्याआधी हिशोब बांधणारा इंजिनिअर : पुण्यात शिकलेले विश्वेश्वरय्या आकड्यांच्या जोरावर कसे जिंकले आणि कुठे अडले?

१५ सप्टेंबर उजाडला की सगळ्यांच्या स्टेटसला एक फोटो दिसतो. डोक्यावर म्हैसुरी फेटा, अंगात कोट, टाय आणि करारी नजर. खाली लिहिलेलं असतं, इंजिनिअर्स डेच्या शुभेच्छा. सोबत ट्रेनची साखळी ओढण्याची गोष्ट फिरते, दोन मेणबत्त्यांची गोष्ट फिरते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटलं की बहुतेकांना एवढंच आठवतं.

पण विश्वेश्वरय्यांचं मोठेपण या गोष्टींमध्ये नाही. ते आहे त्यांच्या हिशोबात. पाणी किती येणार, पैसे किती लागणार, ते परत कुठून मिळणार आणि काम कोणत्या तारखेला पूर्ण होणार, या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर आल्याशिवाय ते दगडाला हात लावत नसत. आज बांधकामाचं अर्थशास्त्र आणि डेटा अ‍ॅनालिसिस हे पदवीला शिकायचे विषय झालेत. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने हा अभ्यास नोकरी करता करता केला आणि त्याची सुरुवात झाली आपल्या महाराष्ट्रातून.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ सालचा. गाव मुद्देनहळ्ळी, आजच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळचं. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे विद्वान होते, पण घरची परिस्थिती बेताचीच. त्यात वडील लवकर वारले. पोरगं शिकायला बंगळुरूला मामाकडे आलं. शिकवण्या घेऊन स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवायचा आणि सेंट्रल कॉलेजात बीए करायचं, असा दिनक्रम सुरू झाला.

बीए झालं, पण ओढ होती इंजिनिअरिंगची. म्हैसूर संस्थानाने शिष्यवृत्ती दिली आणि हा मुलगा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. म्हणजे आपलं आजचं सीओईपी. १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या परीक्षेत पहिले आले आणि जेम्स बर्कले पारितोषिकाचे मानकरी ठरले. हे बर्कले म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी रेल्वे ज्यांच्या देखरेखीखाली झाली, ते जीआयपी रेल्वेचे चीफ इंजिनिअर.

पहिल्या नंबरामुळे मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात थेट नोकरी मिळाली. १८८४ साली ते असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले.

पहिला धडा पांझरा नदीवर

लवकरच त्यांना खानदेशात धाडण्यात आलं. धुळे भागात पांझरा नदीच्या पात्रातून पाण्याची नळवाहिनी पलीकडे न्यायची होती. काम सुरू असतानाच पाऊस आला, नदीला पूर आला. पात्रातलं काम गाळाने भरून जायला लागलं. विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवलं की पावसाळा संपेपर्यंत थांबणं स्वस्त पडेल.

साहेबांना ते रुचलं नाही. नवा पोरगा कामचुकारपणा करतोय, असा त्यांचा समज झाला. मग विश्वेश्वरय्यांनी वाद न घालता काम पुरं करून दाखवलं, पण एक गोष्ट मनात पक्की झाली. बांधकामात नुसतं काय बांधायचं हे ठरवून भागत नाही, कधी बांधायचं यावरही खर्च ठरतो. वेळापत्रक हाही पैशाचाच हिशोब असतो.

दुसरा धडा सिंधमध्ये मिळाला. सक्कर शहराला सिंधू नदीचं पाणी द्यायचं होतं. पाणी भरपूर, पण गढूळ. ते गाळायला मोठे फिल्टर बांधायचे, तर नगरपालिकेच्या तिजोरीत पैसे नाहीत. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच, काठाजवळ विहीर खणली. नदीचं पाणी वाळूच्या थरांमधून झिरपत विहिरीत येणार आणि येता येता गाळलं जाणार. जे काम विकतच्या फिल्टरने करायचं, ते नदीच्या वाळूनेच केलं. १८९५ च्या सुमारास सक्करला स्वच्छ पाणी मिळायला लागलं.

खडकवासल्याचं वाया जाणारं पाणी

१८९९ मध्ये ते पुण्यात आले. मुठेवरचं खडकवासला धरण तेव्हा फाइफ लेक म्हणून ओळखलं जायचं. पुणे शहर आणि मुठा कालवा यावरच अवलंबून. पावसाळ्यात धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई यायची.

सरळ उपाय म्हणजे धरणाची उंची वाढवणं. पण त्यासाठी भिंत जाड करावी लागणार, म्हणजे खर्च प्रचंड. विश्वेश्वरय्यांनी प्रश्नच वेगळ्या पद्धतीने मांडला. पुराच्या दिवसांत पाण्याला वाट मोकळी हवी, बाकीच्या दिवसांत ती बंद हवी. मग वाट कायमची मोकळी कशाला ठेवायची?

त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे, पूर ओसरला की आपोआप मिटायचे. त्यामुळे मूळ भिंतीला हात न लावता धरणातली पाण्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसले. नंतर ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराज सागरावरही हीच पद्धत वापरली गेली. विश्वेश्वरय्यांनी या दरवाजांचं पेटंट घेतलं, पण ते सरकारी नोकरीत असल्यामुळे रॉयल्टी घेतली नाही.

ऊस, पाणी आणि ब्लॉक सिस्टीम

पाणी साठवणं सोपं होतं, वाटणं अवघड. कालव्याचं पाणी ज्याला हवं तो घ्यायचा. उसाला सगळ्यात जास्त पाणी लागायचं आणि ऊसवाला बागायतदार वजनदार असायचा. कुठे एक शेत भिजतंय, त्याच्या शेजारची चार कोरडी, मग पुन्हा एक भिजतंय, असं विखुरलेलं चित्र होतं. लांबलांब चाऱ्यांमधून पाणी मुरायचं. काही ठिकाणी जमिनी चिबड व्हायच्या, तिथे डास आणि हिवताप वाढायचा.

विश्वेश्वरय्यांनी विचारलं, की पाण्याच्या एका मापात किती जमीन भिजते, किती शेतकऱ्यांना फायदा होतो आणि सरकारला किती पाणीपट्टी मिळते? उत्तर फारसं बरं नव्हतं.

त्यावर त्यांनी ब्लॉक सिस्टीम सुचवली. गावातली चांगली जमीन निवडून तिचे सलग गट पाडायचे. पाणी या गटांनाच आणि ठरलेल्या पाळीने द्यायचं. गटातल्या काही हिस्स्यातच ऊस, बाकीच्यात भात आणि कमी पाण्याची पिकं. दरवर्षी पिकांचे हिस्से बदलायचे. म्हणजे पाणी कमी मुरणार, जमिनीला विश्रांती मिळणार आणि जास्त शेतकऱ्यांना खात्रीचं पाणी मिळणार.

गंमत म्हणजे ते जिथे पहिल्यांदा राबले, त्या पांझरा खोऱ्यात शेतकऱ्यांची फड पद्धत फार आधीपासून चालत आली होती. तिथेही जमिनीचे फड पाडून, पीक ठरवून, पाळीने पाणी दिलं जायचं. दोन्ही पद्धतींतलं साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेलं नाही.

बागायतदारांनी या योजनेला जोरदार विरोध केला. वर्तमानपत्रांतून टीका झाली. विश्वेश्वरय्यांनी सभा घेतल्या, समजावून सांगितलं आणि अखेर नीरा कालव्यावर ही पद्धत सुरू झाली. पण उसाला किती पाणी द्यायचं, हा त्यांनी तेव्हा विचारलेला प्रश्न महाराष्ट्र आजही दर उन्हाळ्यात विचारतोय.

मुसीच्या पुराचा पोस्टमॉर्टेम

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. कितीही काम केलं तरी चीफ इंजिनिअरच्या खुर्चीवर गोरा माणूसच बसणार, हे उघड होतं. ते परदेश दौऱ्यावर गेले. तिकडे असतानाच निजामाच्या सरकारचं बोलावणं आलं.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादमध्ये मुसी नदीने हाहाकार केला होता. सुमारे १५,००० माणसं गेली असं मानलं जातं. घरं, पूल, बाजार वाहून गेले होते. शहर पुन्हा उभं करायचं आणि असा पूर पुन्हा येणार नाही याची तजवीज करायची, हे काम विश्वेश्वरय्यांकडे आलं.

१९०९ मध्ये हैदराबादला पोचल्यावर त्यांनी भिंतीचा नकाशा काढायला घेतला नाही. आधी आकडे गोळा केले. पाऊस किती पडला, किती तासांत पडला, पाणी कुठल्या घरावर किती चढलं, नदीच्या पात्राची रुंदी कुठे किती. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. शहराच्या वरच्या अंगाला मुसीच्या खोऱ्यात ७८८ लहानमोठे तलाव होते आणि त्यातले २२१ त्या पावसात फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचं पाणी खालच्या तलावावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर, असं करत पुराचा लोंढा शहरावर आला होता.

म्हणजे दोष एकट्या पावसाचा नव्हता. म्हणूनच नुसत्या शहरातल्या काठाच्या भिंतींनी काम भागणार नव्हतं. पाणी शहराच्या वरच अडवायला हवं होतं. त्यांनी मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर मोठे जलाशय सुचवले. १९२० मध्ये उस्मान सागर पूर्ण झाला, त्यामागून हिमायत सागर झाला. पूर अडवायला बांधलेल्या या तलावांनी हैदराबादची तहानही भागवली.

केजीएफच्या जोरावर उभं राहिलेलं धरण

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानाचे चीफ इंजिनिअर झाले आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम समोर आलं. कावेरी नदीवर कन्नंबाडीला धरण बांधायचं.

अंदाजपत्रक होतं सुमारे २ कोटी ५३ लाख रुपयांचं. ही रक्कम संस्थानाच्या वर्षाच्या सगळ्या महसुलाच्या तोडीची होती. अर्थखात्याने हात वर केले. एवढा पैसा पाण्यात घालायचा आणि तो परत आला नाही तर? संस्थान कर्जात बुडालं तर जबाबदार कोण? हा प्रश्न चुकीचा अजिबात नव्हता.

इथे विश्वेश्वरय्यांमधला अर्थतज्ज्ञ कामाला आला. त्यांना एक पक्कं गिऱ्हाईक दिसत होतं. कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजे सिनेमामुळे आज सगळ्यांना माहीत झालेलं केजीएफ. १९०२ पासून कावेरीवरच्या शिवसमुद्रम वीजकेंद्रातून तिथल्या सोन्याच्या खाणींना वीज जात होती. पण उन्हाळ्यात नदी आटली की वीज कमी पडायची. वर धरण झालं, तर बारा महिने पाणी आणि बारा महिने वीज. खाणवाल्यांना जादा वीज हवीच होती आणि ते त्याचे रोख पैसे देणार होते.

म्हणजे कालवे होऊन शेती भिजायला कितीही वर्षं लागोत, विजेचं उत्पन्न आधी सुरू होणार. म्हणून त्यांनी धरणाचे टप्पे पाडले. पहिल्या टप्प्यात वीज, तिच्यातून उत्पन्न, मग पुढची उंची आणि सिंचन. तरीही अडथळे संपेनात, तेव्हा त्यांनी राजीनाम्याची तयारी दाखवली. शेवटी महाराजा चौथे कृष्णराज वोडेयार यांनी १९११ मध्ये पहिल्या टप्प्याला मंजुरी दिली.

आता दुसरी अडचण. खालच्या अंगाला असलेल्या मद्रास प्रांताने हरकत घेतली. परवानगी मिळाली ती सुमारे ८० फुटांच्या धरणाची. मूळ योजना त्याहून बरीच उंच होती. इथे मोठा पेच होता. पाया ८० फुटांपुरताच घातला, तर पुढे उंची वाढवणं जवळपास अशक्य. पाया मोठा घातला आणि परवानगी आलीच नाही, तर पैसा जमिनीत गेला. विश्वेश्वरय्यांनी जोखीम मोजली आणि मोठ्या धरणाला पुरेल असा रुंद पाया घातला.

सिमेंट तेव्हा महाग, बाहेरून यायचं. म्हणून चुना आणि भाजक्या विटांची भुकटी म्हणजे सुरखी वापरली. हजारो मजूर राबत होते. हिवतापाच्या साथींशी सामना करावा लागत होता. पाण्याखाली जाणाऱ्या गावांतल्या लोकांना घरदार सोडावं लागलं, जुनं कन्नंबाडी गाव बुडालं. ही किंमत रुपयांच्या रकान्यात कधीच पुरती मावली नाही.

खाणींना जादा वीज १९१५ च्या मध्यापर्यंत द्यायची होती आणि ती मुदत पाळली गेली. मद्रासशी वाद मात्र लवादापासून वरपर्यंत चालत राहिला आणि १९२४ च्या करारानंतर पूर्ण उंचीचा मार्ग मोकळा झाला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णराज सागर पूर्ण झाला. रुंद पाया वाया गेला नाही. मंड्याचा कोरडा मुलूख भिजला आणि १९३३ मध्ये तिथे साखर कारखाना उभा राहिला.

दिवाणाची खुर्ची आणि आकड्यांची शाळा

१९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. त्याच्या आधीच त्यांच्या पुढाकाराने म्हैसूर इकॉनॉमिक कॉन्फरन्स सुरू झाली होती. शेती, शिक्षण आणि उद्योग-व्यापार अशा समित्या नेमून संस्थानाची आर्थिक पाहणी करायची, आकडे जमवायचे आणि त्यावर योजना आखायच्या, हे तिचं काम.

पाठोपाठ १९१३ मध्ये म्हैसूर बँक आली. पुढे तिचं स्टेट बँक ऑफ म्हैसूर झालं आणि २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झालं. १९१७ मध्ये बंगळुरूत इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. स्वतः विश्वेश्वरय्यांना इंजिनिअर व्हायला पुणं गाठावं लागलं होतं. पुढच्या पोरांना ते करावं लागू नये, याची सोय त्यांनी केली.

जिथे हिशोब अडला

१९१८ मध्ये महाराजांनी सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सरकारी नोकऱ्यांमध्ये मागास समाजांना वाटा कसा द्यायचा, हे तिने ठरवायचं होतं. विश्वेश्वरय्यांचा याला विरोध होता. नोकरी फक्त गुणवत्तेवर मिळावी, नाहीतर कारभाराचा दर्जा घसरेल, असं त्यांचं मत होतं. त्याच सुमारास त्यांनी दिवाणपद सोडलं.

आकडे मात्र इथेही होते. म्हैसूरमध्ये ब्राह्मणांची संख्या लोकसंख्येत अगदी थोडी होती आणि वरच्या नोकऱ्यांमध्ये तेच बहुसंख्य होते. इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी हेच चित्र पाहून १९०२ मध्येच ५० टक्के जागा राखीव केल्या होत्या. काही मोजक्या शेतांनाच पाणी मिळतंय म्हणून ब्लॉक सिस्टीम आणणाऱ्या माणसाला, मोजक्या घरांनाच संधी मिळतेय हे तितकंच टोचलं नाही. त्यांच्यावरची ही टीका आजही होते आणि ती टाळून त्यांची गोष्ट पूर्ण होत नाही.

सगळ्या देशाचं अंदाजपत्रक

दिवाणपद गेलं तरी काम थांबलं नाही. भद्रावतीचा तोट्यातला लोखंड कारखाना त्यांनी १९२३ पासून हातात घेतला आणि सावरला. १९३४ मध्ये प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया हे पुस्तक लिहिलं. दहा वर्षांत देशाचं उत्पन्न दुप्पट करायचं आणि त्यासाठी शेतीवरचा भार उद्योगांकडे वळवायचा, अशी मांडणी त्यात होती. एका धरणाचं अंदाजपत्रक करतात तसं त्यांनी सगळ्या देशाचं केलं होतं. स्वतंत्र भारताचा नियोजन आयोग यायला अजून १६ वर्षं होती.

नव्वदी ओलांडल्यावरही ते बिहारमध्ये गंगेवरच्या पुलासाठी जागा पाहायला गेले. तो मोकामाचा पूल १९५९ मध्ये सुरू झाला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. एप्रिल १९६२ मध्ये, शंभरी गाठलेल्या या माणसाने बंगळुरूत शेवटचा श्वास घेतला. नागपूरचं व्हीएनआयटी आज त्यांचंच नाव लावतं.

आज बांधकामाचा अंदाज सॉफ्टवेअर काढतं, पावसाचा डेटा उपग्रह देतो. तरीही पूल रखडतात, अंदाजपत्रकं दुप्पट होतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात शहरं तुंबतात. आकडे तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत. विश्वेश्वरय्यांनी आयुष्यभर केलं ते एवढंच, की आकडे आधी पाहिले आणि कुदळ नंतर मारली.